दरडवाल्या आजोबांचं खातं

"तू आता सहा वर्षांची आहेस," बाबा म्हणाले. "नाक ओढ."

"बाबा, मला उद्या ही प्रुफं द्यायची आहेत."

"सहा वर्षांच्या पोराला प्रुफं नसतात. नाक ओढ आणि शेजारच्याला कोपराने ढोस."

शेजारी कुणी नव्हतं. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर लेकीच्या कचेरीतल्या शब्दकोशाच्या नव्या खंडाची प्रुफं पसरली होती आणि उरलेल्या अर्ध्यावर बाबांचे तीन पत्र्याचे ट्रे होते. पहिल्यात नुसती उघडी माती. दुसऱ्यात मातीवर वाळका पाला. तिसऱ्यात बोटभर गवत, जे बाबांनी बैठकीच्या खिडकीत तान्ह्या बाळासारखं वाढवलं होतं; पडदा कुणी किती ओढायचा यावरून घरात दोनदा खडाजंगीही झाली होती. प्रत्येक ट्रेच्या एका टोकाखाली वीट, म्हणजे उतार झाला. दुसऱ्या टोकाशी काचेची बरणी.

लेकीने नाक ओढलं. बाबांशी वाद घालण्यापेक्षा ते कमी वेळात होत असे.

बाबांची अख्खी नोकरी रस्तेखात्यात गेली होती. डोंगरातल्या रस्त्यांवर कोसळणाऱ्या दरडी हा त्यांचा प्रांत. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, फिरायला जातात, निदान गप्प तरी बसतात. बाबांनी वर्षभर राहत्या इमारतीची पाहणी केली. न्हाणीघराच्या फरशीचा उतार उलटा आहे हे वरच्या मजल्यापासून खालपर्यंत प्रत्येक बिऱ्हाडाला त्यांनी गोळी घरंगळवून दाखवलं आणि शेजारधर्म पार धुऊन काढला. मग टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना पहिलीच्या वर्गाला दोन शब्द सांगायला बोलावलं. ते दोन शब्द काही संपेनात. दर आठवड्याला बाबा शाळेत.

पोरं व्याख्यान ऐकत नाहीत हे पहिल्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं. माणसांकडून काम करून घ्यायची त्यांना एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे हुद्दा देणं. त्यांनी वर्गाचं खातं केलं. सगळ्यांना नेमणुका दिल्या, रजेचे नियम सांगितले, आणि कायम साहेब व प्रभारी साहेब यांतला फरकही समजावला. पोरांना माती, पाणी, मुळं हे सगळं त्यातून आपोआप कळत गेलं. बाबांना पोरं दरडवाले आजोबा म्हणत.

"आता पाऊस पाड," बाबा म्हणाले. "झारी घे. हळू हं."

तिने झारी उचलली आणि पहिल्या ट्रेवर उपडी केली.

"अगं, पाऊस पाडतेयस की धरण फोडतेयस!"

ट्रेमधली माती एका लोंढ्याने बरणीवरून उडी मारून टेबलावर आली. तिथून प्रुफांवर. 'मगर' ते 'मजकूर' एवढा मजकूर चिखलाखाली गेला.

बाबांचा चेहरा उजळला. "बघ! कागद का वाहून गेला? मुळं नाहीत म्हणून."

"त्या कागदांचा मला पगार मिळतो, बाबा."

"म्हणूनच म्हणतो, उघडं ठेवू नये. वर थोडा पाला तरी टाकायचा." पण तोवर ते टॉवेल घेऊन आले होते. एकेक पान टिपून त्यांनी दोरीवर चिमट्याने टांगलं. शिव्या खाताना त्यांचे हात फार नीटनेटके चालत.

"शुक्रवारी येतेस ना? पालक येणार आहेत."

"येते की. मला नाक ओढायला लावणार नसाल तर."

"ते माझ्या हातात नाही. वरिष्ठ ठरवतील. वरिष्ठ सहा वर्षांचे आहेत."

दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना बाबा बूट घालायला खुर्चीत बसले. एक बूट घातला. दुसरा घालायचा राहिला.

*

कोशाच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाला शब्दांची काय वानवा? नातेवाइकांना तिने फोनवर सांगितलं, बाबा गेले. वर्तमानपत्राला निधन दिलं. बँकेला निवर्तले. रस्तेखात्यातल्या म्हाताऱ्या मंडळींना भारदस्त आवडतं म्हणून त्यांना कालवश. जसा माणूस तसा शब्द, आणि प्रत्येक शब्द दुसऱ्याच कुणाच्या वडिलांबद्दल असल्यासारखा. मांजर, माशी, बल्बवर धडकणारा किडा, यांच्याबाबत कुणीही न अडखळता वापरतो तो साधा शब्द मात्र तिच्या तोंडून निघाला नाही. एकदा आरशासमोर प्रयत्न केला, तर खोकला आला.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दोघंच होती. आता ट्रे होते. तिसऱ्यातलं गवत वाढतच चाललं होतं. त्याला कुणी काही कळवलं नव्हतं.

मोठ्या बाई भेटायला आल्या त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याशीच बोलल्यासारखं केलं.

"ताई, तुमच्यावर एवढा प्रसंग, आणि मी माझं घोडं पुढे दामटतेय असं वाटेल. पण मुलांचं काय करायचं?"

"त्यांना काय सांगितलंत?"

"सांगितलं, की आजोबांना एका मोठ्या डोंगराचं काम निघालंय. लांब. म्हणून गेलेत." बाई घाईघाईने म्हणाल्या. "वय आहे का हो त्यांचं असलं ऐकायचं? मागच्या वर्षी यांच्या बालवर्गातलं कासव दगावलं तर आठवडाभर गणित झालं नाही."

"मग कासवाचं काय सांगितलंत?"

बाईंनी किल्ल्या उलट्या केल्या. "तेही डोंगरावर गेलंय."

किती दिवसांनी तिला हसू आलं. ते दाबायला तिला पाण्याचा पेला उचलावा लागला.

पालकांचा कार्यक्रम पुढे ढकलला होता. पण आजोबा नाहीत तर आम्ही झारीला हात लावणार नाही, असा पहिलीच्या वर्गाने असहकार पुकारला होता. दुसरीच्या बाईंनी प्रयत्न केला, तर तुमची नेमणूक कुठल्या खात्यात आहे, असं त्यांना विचारण्यात आलं. त्या अजून रुसलेल्या होत्या.

"तुम्ही आजोबांची मुलगी. तुमचं ऐकतील. फक्त तेवढं... डोंगराचं सांभाळून घ्या."

"घेते," ती म्हणाली. तिला वाटलं, एवढ्याशा गोष्टीत काय अवघड आहे.

*

तिन्ही ट्रे रिक्षातून सांभाळत ती वर्गात पोचली तेव्हा पोरं उभी राहिली नाहीत. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही कोण?" पुढचे दोन दात पडलेल्या मुलीने विचारलं.

"मी आजोबांची मुलगी."

वर्गात कुजबुज झाली. दात पडलेली म्हणाली, "मुलगी एवढी मोठी नसते."

"त्यांची आहे."

"मग तुम्ही आमच्याच वर्गात बसणार?"

"नाही. मी आजोबांच्या जागेवर आलेय."

हे फार मोठं विधान झालं. मागच्या बाकावरून एक गुबगुबीत गृहस्थ उठून पुढे आले. यांच्या नाकातून दोन धारा अखंड वाहत होत्या, आणि बाबांच्या खात्यात यांचाच हुद्दा निचरासाहेब होता. बाबांनी हे जाणूनबुजून केलं असणार याबद्दल तिला शंका उरली नाही.

"कायम, की प्रभारी?" निचरासाहेबांनी विचारलं.

"प्रभारी," ती म्हणाली.

"मग चालेल." आणि तिथून ती प्रभारीताई झाली.

दात पडलेली मुलगी भेगाबाई होती. दरड कोसळण्याआधी उताराच्या वरच्या बाजूला भेग पडते, ती सगळ्यांत आधी जिला दिसेल ती हुशार, असं बाबांनी सांगून ठेवल्यापासून या बाईंनी शाळा डोक्यावर घेतली होती. फळ्याला भेग, बाकाला भेग, मोठ्या बाईंच्या कपात भेग. शाळेतल्या मावशींच्या टाचांना तर एवढ्या भेगा निघाल्या, की मावशी कोणत्याही क्षणी कोसळतील असा अहवाल गेला आणि वर्गाने त्यांच्यापासून सुरक्षित अंतर ठेवून चालायला सुरुवात केली. मावशी त्या दिवसापासून मोजे घालत होत्या.

तिसरे होते झारीमास्तर. हे काही बोलत नसत. फक्त झारी धरून ठेवत.

"आजोबा कुठल्या डोंगरावर आहेत?" भेगाबाईंनी विचारलं.

इथे तिने साधंसुधं काहीतरी सांगून विषय संपवायला हवा होता. पण तिचं वाचन आड आलं. आयुष्यभर कोश चाळलेल्या बाईला डोंगर म्हटल्यावर नुसता डोंगर कसा सांगता येईल? तिने त्याला तीन शिखरं दिली. मधल्यावर ढग ठेवला. पायथ्याशी एक नदी, नदीवर लाकडी पूल, पुलापलीकडे बाबांची राहुटी.

"झोपतात कशावर?"

"दुमडत्या खाटेवर."

"बूट कोण बांधून देतं?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. "तिथे बिननाडीचे बूट असतात."

"आमचं कासव भेटलं का त्यांना?"

"अजून नाही. कासव वाटेत आहे."

हे सगळ्यांना पटलं. कासव निघून वर्ष झालं होतं, पण कासव म्हटल्यावर एवढा वेळ लागायचाच.

मग तिने ट्रे मांडले, आणि वर्ग कामाला लागला. तिला काही शिकवावंच लागलं नाही. झारीमास्तरांनी बाबा पाडत तसा पाऊस पाडला, बारीक, टोकापासून टोकापर्यंत. उघड्या मातीच्या बरणीत गढूळ काला जमा झाला. पाल्याच्या बरणीत चहासारखं पाणी. गवताच्या बरणीत थेंब थेंब करत जे उतरलं त्यातून पलीकडचा फळा दिसत होता.

"का?" तिने विचारलं.

"मुळांनी माती मुठीत धरली," निचरासाहेब म्हणाले आणि बाहीने वरचा निचरा पुसला.

हे बाबांचं वाक्य होतं. आवाजाचा चढउतारसुद्धा त्यांचा. तिने बरण्या उचलून ठेवल्या, मग पुन्हा तिथेच मांडल्या.

*

ती आठवड्यातून एकदा जाणार होती. ती रोज दुपारी जाऊ लागली. कचेरीत सांगितलं, घरगुती काम आहे. खोटं नव्हतं.

शाळेत बाबा डोंगरावर होते. घरी नुसती खुर्ची होती. तेव्हा ती शाळेत जाई, आणि जाताना वाटेत बाबांची खुशाली जुळवत जाई. बाबांनी काल पुलाजवळ चर खणला, वरचं पाणी बाजूने काढून दिलं. बाबांनी उतारावर पायऱ्या पाडल्या, म्हणजे पाणी धावत न येता एकेक पायरी उतरतं. बाबांची तिथल्या मुकादमाशी बाचाबाची झाली, कारण मुकादम म्हणे झाडं तोडा, दिसायला मोकळं दिसेल. पोरांनी त्या मुकादमाचा इतका राग धरला की एका चित्रात त्याला दरडीखाली घातलं. तिने त्याला बाहेर काढायला लावलं. बाबांना ते चाललं नसतं.

बाबा कधी नव्हे एवढे बोलू लागले होते. एक दिवस तर विनोदही केला, आणि तो चांगला होता.

मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत. "ताई, तुम्ही किती छान सांभाळून घेताय," त्या म्हणत. आणि एकदा जरा दबकत, "जरा जास्तच छान नाही ना होत?"

खात्याने मात्र एक बाब लावून धरली होती. आजोबा अर्ज न देता गेले होते. नियम त्यांचेच होते. रजेवर जायचं तर आधी विचारायचं. शेवटी निचरासाहेबांनी तिच्या हातात एक चतकोर कागद ठेवला. त्यावर लाल खडूने 'करणे दखवा' लिहिलं होतं. तिचा हात आपसूक केसात खोचलेल्या पेन्सिलीकडे गेला आणि तसाच खाली आला.

"आजोबांना द्या," साहेब म्हणाले. "सगळ्यांना सारखा न्याय."

दुसऱ्या दिवशी तिने निरोप आणला. "आजोबा म्हणाले, चूक कबूल. घाईत निघालो. सांगायला वेळच मिळाला नाही."

खात्याने चर्चा केली. एक डाव माफ करण्यात आला.

"पण येणार कधी?" भेगाबाईंनी विचारलं.

"काम मोठं आहे."

"आपण मदतीला गेलो तर लवकर संपेल."

"लांब आहे गं."

"कासव चाललंय ना?" भेगाबाई म्हणाल्या, आणि प्रभारीताईंनी ट्रे आवरायला घेतले.

*

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. शाळेच्या पाठीमागे टेकडीला धरून एक उंच दगडी भिंत होती. ती बाबांच्या खात्यानेच कधीकाळी बांधलेली. त्या भिंतीत ओळीने भोकं होती, मूठ जाईल एवढी. ही भोकं पोरांचा आवडता विषय होता, कारण बाबांनी ती अशी समजावली होती: टेकडीच्या पोटात पावसाचं पाणी साठतं. त्याला बाहेर यायला वाट नसली तर ते भिंतीला ढकलतं. तुम्ही शू दाबून धरली तर काय होतं? पहिलीच्या वर्गात या विषयातला अनुभव दांडगा होता. अख्ख्या वर्गाने एका सुरात सांगितलं होतं, की फार वाईट होतं.

आता पालक येणार म्हणून मोठ्या बाईंनी भिंतीला पिवळा रंग लावून घेतला. रंग छान बसला. पण भोकांतून पाणी ठिबकून पिवळ्यावर तपकिरी ओघळ उतरले. बाईंनी रंगाऱ्याला विचारलं, यावर उपाय काय? रंगाऱ्याने उपाय केला. सकाळीच त्याने सगळ्या भोकांत सिमेंटचे गोळे ठासले, वरून रंगाचा हात मारला आणि पावसामुळे लवकर घरी गेला.

दुपारी ती शाळेच्या फाटकाशी पोचली, तर मावशी भर पावसात आडव्या उभ्या. एका हातात निचरासाहेबांच्या रेनकोटाची टोपी, दुसऱ्यात भेगाबाईंचं दप्तर. झारीमास्तरांना धरायला तिसरा हात नव्हता म्हणून त्यांना मोज्यातल्या पायाने अडवलं होतं. तिघांचेही बूट उलटसुलट पायांत. निचरासाहेबांकडे मोठ्या माणसाची छत्री होती. भेगाबाईंच्या डब्यात बिस्किटं आणि कोबीचं एक पान.

"चाललेत कुठे विचारा!" मावशी ओरडल्या. "टेकडीवर! या पावसात! मी जरा घंटा द्यायला गेले तेवढ्यात ही वरात निघाली."

"आजोबांना आणायला चाललोय," निचरासाहेब म्हणाले.

"आणि पान?"

"कासवाला. वाटेत भेटेल."

फाटकापासून रस्ता टेकडीकडे चढत होता. आज त्याच्यावरून लाल पाणी वाहत होतं, आणि पहिल्या वळणावरच काठाची माती सुटून रस्त्यावर आली होती. ती त्या मातीकडे पाहत राहिली. मुलांच्या लेखी तिने दिलेल्या तीन शिखरांतलं पहिलं शिखर बहुधा ही टेकडीच होती. तिथून तेवढंच दिसत होतं.

"आज का निघालात?" तिने विचारलं. "आजच का?"

"बाईंनी भोकं बंद केली!" भेगाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "भिंतीला शू लागलीय आणि बाईंनी दार लावून घेतलंय! आम्ही सांगितलं तर म्हणतात, भिंत छान दिसते. प्रभारींचं कुणी ऐकत नाही. कायम साहेबच लागतात."

मोठ्या बाई छत्री घेऊन धावत आल्या. सगळ्यांना ओढत व्हरांड्यात आणलं, टॉवेलांनी पुसलं, रागावल्या, जवळ घेतलं, पुन्हा रागावल्या. मग त्यांनी तिला खांबाआड ओढलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, जरा उशीर झाला असता तर? आता एकच करा. फोन काढा. आजोबांचा फोन आलाय म्हणा, आणि भिंत ठीक आहे म्हणाले असं सांगा. म्हणजे पोरं शांत होतील. बाकीचं उद्यानंतर बघू."

तिने फोन काढला. यात नवीन काही नव्हतं. डोंगर, राहुटी, मुकादम, बिननाडीचे बूट, एवढं सगळं तिने उभं केलं होतं. त्यात एक वाक्य आणखी. तिने फोन कानाला लावला. पोरं भोवती गोळा झाली. झारीमास्तरसुद्धा पुढे सरकले.

"हॅलो, बाबा," ती म्हणाली.

पलीकडे काही नव्हतं. आणि तरी तिला बाबा लख्ख ऐकू आले. कुणी बुजवली? नाव सांग. कुणाच्या हुकमावरून? अगं, फोनवर काय बोलतेस, पोरांना आधी त्या भिंतीपासून लांब ने.

ती ऐकत राहिली. बाबांना खायला घालणं तिला जमलं होतं, झोपवणं जमलं होतं, विनोद करायला लावणं जमलं होतं. त्यांना ती भिंत पास करायला लावणं जमेना.

तिने फोन खाली घेतला. "ते भिंत पास करणार नाहीत," ती मोठ्या बाईंना म्हणाली.

"अहो, पण फोनवर कुणी नाहीच आहे ना!" बाई कुजबुजल्या.

"नाही. तरी करणार नाहीत."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पाठीमागच्या पिवळ्याधमक भिंतीकडे. त्या भिंतीच्या मधोमध, रंगाखालून, एक ओलसर फुगवटा वर आला होता. बाईंनी किल्ल्या कमरेला खोचल्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, "स्क्रूड्रायव्हर आणा. आणि माझ्या कपाटातला हातोडा."

दुसरीच्या बाईंनी रुसवा सोडून दोन्ही वर्ग पुढच्या फाटकाजवळ नेले आणि खडूने रेघ मारली. कुणी ओलांडायची नाही. पोरं रेघेवर बोटं टेकून उभी. मोठ्या माणसांनी भिंतीला कडेकडेने हात घातला. सिमेंट अजून ओलं होतं. पहिला गोळा मावशींनी काढला आणि भोकातून बचकन गढूळ पाणी आलं. दुसरा, तिसरा. मधला गोळा निघेना. मोठ्या बाईंनी स्वतः हातोडा घेतला, दात ओठ खाल्ले आणि ठोकला. तो गोळा बंदुकीतून सुटावा तसा सुटून त्यांच्या खांद्यावरून गेला आणि मागोमाग लाल पाण्याची अशी पिचकारी आली, की बाई नखशिखान्त पिवळ्या आणि तपकिरी झाल्या.

रेघेवरून आरोळी उठली. "भिंतीला बरं वाटलं!" निचरासाहेब ओरडले, आणि दोन्ही वर्गांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चिखलात न्हालेल्या मोठ्या बाई आधी थिजल्या, मग हसायला लागल्या आणि हसता हसता ओट्यावर बसल्या. तिने भिंतीच्या वरपर्यंत नजर फिरवली. काही हललेलं नव्हतं. प्रत्येक भोकातून आता पाणी मोकळं वाहत होतं. रस्तेखात्याला फोन करून माणूस बोलावलेला होता, खराखुरा फोन. तो येईपर्यंत मागचे वर्ग बंद.

ती फाटकाकडे आली. भेगाबाई रेघेवरच होत्या. त्यांनी तिचा ओला हात धरला.

"आता आजोबांना सांगा, झालं म्हणून. आता काळजी करू नका म्हणावं. पण या लवकर."

"हो, फोन लावा," निचरासाहेब म्हणाले. "आम्ही पण बोलतो."

तिने फोन खिशातून काढला नाही. फाटकापलीकडे रस्ता चढत गेला होता आणि त्याच्यावरून पाणी येतच होतं. उद्या पाऊस थांबेल. परवा मावशी पुन्हा घंटा द्यायला जातील. ही पोरं आजोबांवर माया करणारी आणि नियमाने चालणारी. ती पुन्हा निघणार. आणि तिला हेही कळत होतं, की आता तोंड उघडलं की राहुटी, पूल, ढग, सगळं जाईल, आणि दुपारी जायला तिला जागा राहणार नाही.

ती गुडघ्यांवर बसली.

"आजोबा डोंगरावर नाहीत," ती म्हणाली.

"मग? बदली झाली?"

"नाही. कुठलाच डोंगर नव्हता. मी सांगत होते ते खोटं होतं."

निचरासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सगळंच? मुकादम पण?"

"मुकादम पण."

"का खोटं सांगितलं?" भेगाबाईंनी विचारलं. रागाने नव्हे; कुठून चिरलंय ते शोधत असल्यासारखं.

"खरं सांगायला मला जमत नव्हतं."

"आता जमतंय?"

"बघते," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी तिला अडवलं नाही. झारीमास्तर अगदी जवळ येऊन उभे राहिले, झारी पोटाशी धरून. तिने श्वास घेतला. या वेळी खोकला आला नाही.

"आजोबा मेले," ती म्हणाली. मग, पोरांना नव्हे, कुणालाच नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने, "माझे बाबा मेले."